शोरूमवाला नेमके कशाचे पैसे घेतो?

देशातल्या सर्वांत मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक भिवंडी तालुक्यात आहे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि तिथून आतल्या गावांपर्यंत पसरलेल्या पत्र्याच्या शेडमधून फ्रीज, टीव्ही, मोबाइल, अगदी पलंगसुद्धा थेट लोकांच्या दारात जातात. मधला दुकानदार त्या व्यवहारातून कधीच गळाला. पण याच तालुक्यातल्या दिघाशीच्या एखाद्या कुटुंबाला आठ लाखांची मोटार घ्यायची झाली, तर भिवंडी, कल्याण किंवा ठाण्यातल्या शोरूमची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘बुक’ करण्याचं बटण असतं खरं, पण ते दाबल्यावर फोन येतो तो जवळच्या डीलरचाच. तेव्हा प्रश्न रास्त आहे: हा मधला माणूस नव्या गाडीच्या ग्राहकाला काही देतो, की नुसतंच घेतो? उपलब्ध पुरावा पाहता उत्तर असं दिसतं, की तो देतो. पण ज्या टेबलावर बसवून तो आपल्याला सरबत पाजतो त्या टेबलावर नव्हे. गाडी विकण्यात त्याचं योगदान आता फार थोडं उरलं आहे, गाडी नोंदवण्यात आणि चालती ठेवण्यात ते मोठं आहे. आणि या दुसऱ्या कामाचा दाम उघडपणे मिळत नसल्यामुळे तो पहिल्या टेबलावर आडमार्गाने वसूल होतो. भांडण असायला हवं ते या आडमार्गाशी.

एके काळी विकण्याचं कामच नव्हतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची त्या दिवसांत मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रण होतं आणि नंबर लागायला वर्षं जायची. डीलर म्हणजे रांगेचा रखवालदार. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. त्यानंतरच्या दोन दशकांत बाजार मोकळा झाला आणि मग डीलरला खरोखर विकावं लागलं. कुठली गाडी किती ॲव्हरेज देते, कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे, हे तेव्हा त्यालाच माहीत असे. आज ती मक्तेदारी संपली आहे. शोरूममध्ये शिरणाऱ्या घरातल्या कॉलेजच्या मुलाने दहा व्हिडिओ पाहिलेले असतात आणि समोरच्या सेल्समनला त्यातले निम्मे मुद्दे ठाऊक नसतात. टेस्ट ड्राइव्ह एवढी एक गोष्ट अजून पडद्यावर होत नाही. पण तेवढ्यासाठी शोरूमचं भव्य काचघर लागतं असं नाही.

आता पैशाकडे वळू. एक्स-शोरूम आठ लाखांची छोटी पेट्रोल गाडी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या १८ टक्के दराने त्या किमतीत सुमारे १ लाख २२ हजार रुपये जीएसटी आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर, म्हणजे आणखी सुमारे ८८ हजार. डीलरला कंपनीकडून मिळणारं मार्जिन अशा गाड्यांवर साधारण तीन ते पाच टक्के सांगितलं जातं; चार धरलं तर ३२ हजार. त्यातून त्याला भाडं, पगार, स्टॉकवरचं व्याज, डेमो गाड्या आणि पितृपक्षाचा ओसाड पंधरवडा हे सगळं भागवायचं असतं. गाडी महाग का, याचं उत्तर ‘मधले दलाल’ असं देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण इथे सरकारचा वाटा डीलरच्या सहापटीहून जास्त भरतो. तेव्हा डीलर उद्या नाहीसा झाला तर गाडी लाखभराने उतरेल, ही आशा आकड्यांत बसत नाही.

अमेरिकेत मात्र ही आशा बरीच जुनी आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत कंपनीने ग्राहकाला थेट गाडी विकण्यावर कायद्याने बंधनं आहेत. त्या कायद्यांच्या परिणामांवर अमेरिकी न्याय खात्यातले अर्थतज्ज्ञ जेराल्ड बोडिश यांनी २००९ मध्ये एक टिपण लिहिलं. थेट आणि मागणीनुसार गाडी बनवून विकल्यास सरासरी ८.६ टक्के, म्हणजे २६ हजार डॉलरच्या गाडीमागे सव्वादोन हजार डॉलर वाचू शकतील, असा गोल्डमन सॅक्सचा २००० सालचा अंदाज त्यांनी त्यात दिला आहे. थेट विक्रीचे पुरस्कर्ते हा आकडा आजही फेकतात. पण तो अंदाज जितका मध्यस्थ काढण्याचा आहे तितकाच अंगणात उभा असलेला चुकीच्या रंगांचा, चुकीच्या मॉडेलांचा साठा टाळण्याचा आहे. शिवाय बचत झाली तरी ती ग्राहकाच्या खिशात पडेल की कंपनीच्या, हे बाजारातल्या स्पर्धेवर ठरतं, आणि ती हमी कुठल्याच टिपणात मिळत नाही.

साठ्याचा मुद्दा आपल्याकडेही खराच आहे. ‘फाडा’ ही डीलरांची देशव्यापी संघटना. तिच्या म्हणण्यानुसार २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा, जवळपास ७९ हजार कोटी रुपयांचा माल पडून होता. पुढच्या वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, भरपाई उपकर गेला, आणि आधीच भरलेल्या उपकराचे सुमारे अडीच हजार कोटी रुपये डीलरांच्या खात्यात अडकल्याची तक्रार याच संघटनेने केली. आकडे संघटनेचे आहेत, ते थोडे हात राखून घ्यावेत. पण जोखीम डीलरच्या डोक्यावर असते हे निर्विवाद. मात्र या जोखमीचा लाभ कोणाला होतो? मुख्यतः कंपनीला. गाडी कारखान्यातून डीलरकडे रवाना झाली की कंपनीच्या हिशेबात ती विकली गेली. ग्राहकाच्या वाट्याला येतो तो दसऱ्याला हवी ती गाडी तयार मिळण्याचा आनंद आणि वर्षअखेरीस तुंबलेल्या मालावरची सूट. हा फायदा आहे, पण डीलर सांगतात तेवढा मोठा नाही.

डीलर असण्याचा खरा आर्थिक फायदा वेगळ्या जागी असायला हवा होता. एकाच कंपनीचे दोन डीलर शेजारच्या शहरांत असले, तर दिघाशीचा ग्राहक कल्याणचं कोटेशन ठाण्यात दाखवू शकतो आणि दोघांना झुंजवू शकतो. ही झुंज कशी बंद पाडली जाते याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रातूनच आलेलं आहे. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागातल्या एका मारुती डीलरने निनावी ई-मेल करून स्पर्धा आयोगाला कळवलं, की कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट दिली तर आम्हांला दंड होतो. आयोगाने चौकशी केली. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसं ग्राहक बनून शोरूममध्ये जात, संभाषणाचं चोरून चित्रण करत, आणि जादा सूट देऊ केल्याचं दिसलं की डीलरकडे खुलासा मागितला जाई. दंड शोरूमला तर होताच, पण सूट देणाऱ्या सेल्समनला आणि व्यवस्थापकालाही होता. २३ ऑगस्ट २०२१ ला आयोगाने मारुती सुझुकीला दोनशे कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. त्याआधी २०१७ मध्ये अशाच आरोपांवरून ह्युंदाईला झालेला ८७ कोटींचा दंड अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये रद्द केला होता, हेही सांगायला हवं. कायद्याच्या नजरेत हा विषय अजून पुरता निवळलेला नाही. पण या प्रकरणातली एक गोष्ट निकालावर अवलंबून नाही. डीलर मनापासून सूट देत नसते, तर त्यांना सूट देण्यापासून रोखायला हेरगिरी कशाला लागली असती? मोकळं सोडलं तर डीलर स्वतःच्या मार्जिनला कात्री लावतो. ग्राहकाच्या बाजूने हा डीलरचा सर्वांत मोठा गुण, आणि नेमका तोच दाबला जातो.

यावर सरळ आक्षेप येतो: मग ही घासाघीसच नको, सर्वांना एकच भाव ठेवा आणि कंपनीने थेट विकावं. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात हेच केलं. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एक किंमत. डीलर फक्त गाडी दाखवतो, सुपूर्द करतो आणि कमिशन घेतो. साठ्याचं ओझं उतरल्यामुळे डीलर सुटले, आणि शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त सूट मिळाली असेल ही ग्राहकाची रुखरुखही गेली. पण एक किंमत म्हणजे कमी किंमत नव्हे. डीलर-डीलरमधली चुरस ज्या फटीतून चालायची ती फटच इथे लिंपली गेली. मारुतीने दंडाची भीती घालून साधू पाहिलेली गोष्ट इथे करारानेच साधली. साठ-सत्तर लाखांची गाडी घेणाऱ्याला वेळ आणि मनःशांती मोलाची वाटेल. आठ लाखांसाठी सात वर्षांचं कर्ज काढणाऱ्याला पंधरा हजारांची सूट मोलाची असते. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचं दालन उघडून, डीलरविना, साठ लाखांच्या आसपासची मोटार विकायला काढली, तेव्हाही किमतीत थेटपणाचा लाभ कुठे दिसला नाही. दिसलं ते आयात शुल्क. युरोपात डीलरला एजंट बनवण्याची लाट आली होती, ती फोर्ड आणि जग्वार लँडरोव्हर यांच्याबाबतीत २०२४ पर्यंत ओसरली. शोरूम, माणसं आणि साठा यांचा खर्च डीलरच्या वहीतून कंपनीच्या वहीत गेल्याने नाहीसा होत नाही, हे तिथे उमगलं असावं.

मग डीलरचं काम कुठे आहे? पहिलं, पासिंग. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर राज्यातच नोंदवायच्या नव्या गाडीचा अर्ज डीलरनेच करायचा आहे, आणि अधिकृत डीलरने विकलेली गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. ज्याने एकेकाळी एजंटच्या मागे फिरून पासिंग करून घेतलं आहे त्याला याचं महत्त्व समजेल. आता यावर म्हणता येईल, की ही सेवा डीलरची नसून कायद्याने त्याला बहाल केलेली आहे. संगणकीकृत नोंदणी ग्राहक स्वतःही करू शकेल. बरोबर आहे. पण मग याच बरोबर एवढंही मान्य करायला हवं, की कायद्याने दिलेल्या कामासाठी ‘हँडलिंग चार्जेस’ नावाचे पाच-दहा हजार आकारायला कसलाच आधार नाही. मार्जिन तुटपुंजं, सूट देण्यावर पहारा, म्हणून डीलरची तूट अशा फुटकळ नावांनी भरून काढली जाते: हँडलिंग, लॉजिस्टिक्स, टेफ्लॉन कोटिंग, घ्यायलाच हवं म्हणून सांगितलं जाणारं ॲक्सेसरीजचं पॅकेज. ज्या मॉडेलला महिनोन्महिन्यांचं वेटिंग असतं तिथे हा सूर जास्तच कडक होतो. ७ ऑक्टोबर २०२१ ला महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० साठी ५७ मिनिटांत २५ हजार बुकिंग झाली. बुकिंग फोनवर झालं तरी किल्ली डीलरच्याच हातून मिळायची होती. अशा वेळी आधी डिलिव्हरी कोणाला, हा प्रश्न पुन्हा पद्मिनीच्या काळासारखा होतो.

विमा हा त्याहून मोठा झरा. विमा नियामकाने २०१७ मध्ये डीलरांना नियमाखाली आणलं, ग्राहकावर ठरावीक कंपनीचा विमा लादता येणार नाही असं स्पष्ट केलं आणि मोटारीच्या स्व-नुकसान हप्त्यावर डीलरला देण्याच्या मोबदल्याला तेव्हा साडेएकोणीस टक्क्यांची मर्यादा घातली. तेव्हाची मर्यादाच इतकी होती, तर शोरूममध्ये विम्याचा आग्रह का असतो हे वेगळं सांगायला नको. ‘बाहेरून विमा घेतला तर कॅशलेस क्लेमला त्रास होईल’ हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य असतं, कारण डीलरच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या ओळखीच्या विमा कंपनीचं काम झपाट्याने होतं. पण बाहेरच्या पॉलिसीलाही ते वर्कशॉप त्या विमा कंपनीच्या यादीत असेल तर कॅशलेस मिळतंच. कर्जाचं हेच. बँकेकडून डीलरला मिळणारा मोबदला ग्राहकाच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

दुसरं आणि खरं काम सुरू होतं ते गाडी घरी आल्यावर. याचा धडा मोटारींपेक्षा स्कूटरींनी चांगला दिला. ओला इलेक्ट्रिकने डीलर ही संस्थाच नको म्हणून स्वतःच्या दुकानांतून थेट विक्री केली आणि काही काळ बाजारही काबीज केला. पण विकण्याचा वेग आणि दुरुस्तीची क्षमता यांचा मेळ बसला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात दहा हजारांहून अधिक तक्रारी जमल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यवसाय प्रमाणपत्राविना चालणाऱ्या तिच्या दुकानांवर कारवाई केली. त्याच वर्षी टीव्हीएस आणि बजाज, म्हणजे गावोगाव जुने डीलर असलेल्या कंपन्या, विक्रीत तिच्या पुढे गेल्या. यात गाडीच्या दर्जाचाही वाटा आहे, सगळं श्रेय डीलरला देणं भाबडेपणाचं ठरेल. तरी ज्याच्या स्वतःच्या भांडवलावर आणि गावातल्या पत-प्रतिष्ठेवर वर्कशॉप उभं असतं त्याला तक्रारीसाठी आलेल्या माणसाला टाळणं जड जातं, एवढं त्यातून दिसतं.

दिघाशीसारख्या ठिकाणी हे अंतराचं गणित शहरापेक्षा कडक आहे. भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांची ख्याती सांगायला नको. त्या रस्त्यावर सस्पेन्शन, टायर, अलाइनमेंट यांचा खर्च कंपनीच्या माहितीपत्रकाने गृहीत धरलेल्यापेक्षा लवकर येतो. त्यात या तालुक्यात नवी गाडी घेणारा प्रत्येक जण कुटुंबाला फिरवण्यासाठी घेत नाही. गोदामांचा माल ओढणारे ‘छोटा हत्ती’ टेम्पो आणि पिकअप हीही नवीच वाहनं आहेत, आणि त्यांच्या मालकाला गाडी उभी राहिलेला दिवस म्हणजे बुडालेलं भाडं आणि तरीही भरावा लागणारा हप्ता. त्याच्यासाठी सुटा भाग आज मिळतो की आठवड्याने, हाच डीलरचा अर्थ. तरी ही सेवा डीलरच देऊ शकतो असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो याचसाठी, की सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणं त्यांनी अधिकृत वर्कशॉपपुरती कोंडून ठेवली होती. अर्थात, रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला ती मिळू दिली असती तर डीलरच्या सेवेचं मोल आज दिसतं तेवढं दिसलं नसतं. त्याच्या उपयुक्ततेचा काही भाग असा कृत्रिम टंचाईतून आलेला आहे, आणि विजेच्या गाड्यांत ऑइल-फिल्टरची कामंच उरत नसल्याने तो पुढे आणखी आटेल.

डीलरच्या बाजूने शेवटचा युक्तिवाद असतो तो जबाबदारीचा: काही बिघडलं तर कॉलर धरायला समोर माणूस आहे. गोव्यातलं एक प्रकरण इथे विचारात घ्यायला हवं. एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरने त्याला २००९ ची, आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली गाडी दिली. ग्राहक न्यायालयांनी टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, कारण कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे आणि डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे समोरच्या माणसाची कॉलर धरता येते, पण त्याच्या आडून कंपनी निसटू शकते. थेट विक्रीत हा आडोसा नसतो. उलट बाजूला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा देतो, त्यामुळे दिघाशीच्या माणसाला परप्रांतातल्या कंपनीवरही ठाणे जिल्ह्यातच दावा लावता येतो. जबाबदारीच्या बाबतीत डीलर ही आता भिंतही आहे आणि दारही. कधी काय, ते प्रसंगावर ठरतं. आणि २०१७ मध्ये जनरल मोटर्सने, २०२१ मध्ये फोर्डने भारतात विक्री थांबवली, तेव्हा ग्राहकाइतकाच डीलरही उघड्यावर पडला, हे विसरून चालणार नाही.

या सगळ्यातून निकाल एवढाच निघतो, की डीलर काढून टाकणं हा ग्राहकाचा फायदा नाही आणि डीलर आज जसा आहे तसा ठेवणं हाही नाही. त्याच्या कामाचा दाम उघड हवा. परिवहन विभागाने ऑन-रोड किमतीच्या कोटेशनचा एकच नमुना सक्तीचा करावा, त्यात एक्स-शोरूम, कर, नोंदणी, विमा आणि डीलरची सेवा हे रकाने वेगळे असावेत, आणि विमा व कर्जावर डीलरला मिळणारी रक्कमही छापलेली असावी. सूट देणाऱ्या डीलरला कंपनीने दंड करणं बंद व्हावं. तोवर ग्राहकाने आपल्यापुरतं करावं: दोन शहरांची लेखी कोटेशनं घ्यावीत, विम्याचा बाहेरचा भाव आधी काढावा, हँडलिंगच्या नावाने मागितलेल्या रकमेची पावती मागावी, आणि पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर व उत्पादनाचं वर्ष गाडीवर आणि विक्री प्रमाणपत्राच्या फॉर्म २१ वर स्वतः ताडून पाहावं.